संकटग्रस्त मनाची हाक आणि शिक्षक

(बोनकोडे येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांतून पटनोंदणी, वाचन-लेखनाची प्रगती, मूल्यमापन, पोषण आहार अशा विषयांवर आपण नेहमी बोलतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो कोणत्याही नोंदवहीच्या रकान्यात बसणारा नाही. जगणे नकोसे झालेला मनुष्य अखेरच्या क्षणी कोणाला हाक मारतो, ती हाक कशी ओळखावी, आणि ती आपल्या कानी पडली तर शिक्षक या नात्याने आपण काय करावे, हा तो विषय होय. विषय कठीण आहे म्हणून तो टाळणे योग्य नव्हे. जो विषय आपण टाळतो, त्याच विषयावर आपल्या वर्गातील एखादे मूल एकटेच विचार करीत बसलेले असण्याचा संभव असतो.

प्रथम या विषयाची व्याप्ती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ माणसे एकट्या महाराष्ट्रातील होती आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. त्याच वर्षी देशभरातील १३,०४४ विद्यार्थी आपल्यातून गेले. हे आकडे मी आपणांस भय घालण्यासाठी सांगत नाही. एखाद्या गावात साथ आली तर आपण पाणी उकळून प्यावयास सांगतो, मुलांची नावे घेऊन घरोघर जातो. तीच तत्परता येथेही हवी आणि ती उपयोगी पडते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संकटात सापडलेला मनुष्य पुष्कळ वेळा आपल्या घरच्या माणसांना काही सांगत नाही. तो परक्याला सांगतो. ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते. ‘घरात एवढी माणसे असता परक्याकडे कशाला गेला?’ असा प्रश्न मागाहून लोक विचारतात, आणि त्या प्रश्नात थोडा रागही असतो. परंतु यामागचे कारण समजून घेतले पाहिजे.

ज्या गावात आपण आज जमलो आहोत, त्या बोनकोडे गावाचेच उदाहरण घ्या. खाडीकाठची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या पट्ट्यातील गावांत एकेकाळी प्रत्येक घर दुसऱ्या घराला ओळखत असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या, कोपरखैरणे उपनगर उभे राहिले, आणि १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. जुन्या घरांच्या जागी मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. आज एकाच जिन्यावरून रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या दोन माणसांना परस्परांची नावे ठाऊक नसतात. आणि आपण ज्या गावपाड्यांवर शिकविता, तेथे याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथे कोणाच्या घरी काल भांडण झाले, हे सकाळी पाणवठ्यावर सर्वांना ठाऊक झालेले असते.

या दोन्ही परिस्थितींचा परिणाम मात्र एकच होतो. शहरात सांगावे असे माणूस नसते. आणि गावात सांगितलेली गोष्ट सांगितल्या ठिकाणी राहत नाही. जेथे सर्व जण आपल्याला ओळखतात, तेथे आपली दुर्बलता उघडी करणे फार जड जाते. बापाला सांगावे तर त्याला आणखी एक चिंता, आईला सांगावे तर ती रडेल, भावाला सांगावे तर तो चिडेल, नवऱ्याला सांगावे तर तो माहेरचा उद्धार करील. परक्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याला आपला मागचा हिशेब ठाऊक नसतो, उद्या त्याचे तोंड पाहावे लागणार नसते. म्हणून ओझ्याखाली वाकलेला मनुष्य ते ओझे परक्याच्या दारात उतरवितो. यात घरच्यांविषयी अविश्वास असतोच असे नाही. पुष्कळदा त्यांना दुःख होऊ नये ही इच्छाच असते.

आणि येथे एक फार मोलाची गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या माणसाने मरणाचा पक्का निश्चय केला आहे, त्याला कोणाशीही बोलण्याचे प्रयोजन उरत नाही. जो हाक मारतो, त्याच्या मनाचा एक भाग अजून जगू इच्छितो. त्याला आयुष्य संपवावयाचे नसते. असह्य झालेले दुःख संपवावयाचे असते, आणि दुसरा मार्ग त्या क्षणी त्याला दिसत नसतो. हाक ऐकणाऱ्याचे काम त्या जगू इच्छिणाऱ्या भागाशी बोलण्याचे आहे.

ही हाक आज किती दूरवर पोहोचू शकते, याची दोन उदाहरणे आपल्याच राज्यातील आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणारा एक तरुण कमाईच्या विवंचनेने आणि घरच्या कलहाने खचून गेला होता. त्याच्या मनातील विचार त्याने फेसबुकवर उघड केले. त्या कंपनीच्या आयर्लंडमधील कर्मचाऱ्यांच्या ते ध्यानात आले. त्यांनी दिल्ली पोलिसांना कळविले, दिल्लीकरांनी मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेला कळविले, आणि शोध घेत घेत मध्यरात्रीनंतर पोलीस आपल्याच ठाणे जिल्ह्यातील भाईंदर येथे त्याच्यापर्यंत पोहोचले. तो वाचला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये धुळे येथील एका तेवीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत असेच घडले. आयर्लंडहून निरोप आला तो मुंबईच्या सायबर शाखेच्या तत्कालीन उपायुक्त रश्मी करंदीकर यांच्याकडे. त्यांनी धुळे पोलिसांना कळविले आणि त्याच रात्री पोलिसांनी त्या तरुणाचे घर गाठले. तोही वाचला.

या घटना ऐकून आपण पोलिसांचे कौतुक करू, आणि ते केलेच पाहिजे. परंतु शिक्षक म्हणून आपण आणखी एक विचार करावयास हवा. ज्या हाकेला हजारो मैलांवरच्या, आपली भाषाही न जाणणाऱ्या माणसाने ओ दिली, ती हाक त्याआधी कितीतरी दिवस घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी बारीक आवाजात उमटत असेल. जेवण कमी झाले असेल, झोप उडाली असेल, बोलणे तुटक झाले असेल. जवळच्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केले असे मी म्हणत नाही. ती भाषा आपणां कोणालाच शिकविलेली नसते. ती शिकण्याचे काम आता आपणांस केले पाहिजे.

परक्याने परक्याचे ऐकावे, ही कल्पना संस्थेच्या रूपाने प्रथम रुजविणाऱ्यांत चॅड व्हॅरा या इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव घेतले जाते. १९३५ साली, नोकरीच्या आरंभीच, त्यांच्यावर एका किशोरवयीन मुलीच्या अंत्यविधीचे काम आले. त्या मुलीला प्रथमच मासिक पाळी आली होती. हा काय प्रकार आहे हे तिला कोणीही सांगितले नव्हते. आपल्याला लाजिरवाणा रोग जडला अशी तिची समजूत झाली आणि त्या भयाने तिने प्राण दिला. जगात जिच्यावर उपचाराचीही गरज नाही अशा गोष्टीसाठी एक मूल गेले. केवळ विचारावयास माणूस नव्हते म्हणून गेले. सहावी-सातवीचे वर्ग असलेल्या शाळांतील माझ्या भगिनींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मुलींशी या विषयावर वेळेवर आणि शांतपणे बोलणे हे केवळ आरोग्यशिक्षण नव्हे, ते प्राणरक्षण आहे.

व्हॅरा यांनी पुढे १९५३ साली लंडनमधील आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवून ‘समॅरिटन्स’ हे कार्य सुरू केले. त्या कार्यातील एक अनुभव आपणां सर्वांना उद्बोधक वाटेल. लोक व्हॅरासाहेबांचा सल्ला घेण्यासाठी येत आणि त्यांची पाळी येईपर्यंत बाहेर बसत. तेथे काही साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांच्याजवळ बसत, त्यांचे बोलणे ऐकत. हळूहळू असे दिसून आले की बाहेर बसून मन मोकळे केलेल्या पुष्कळांना आत जाऊन सल्ला घेण्याची गरजच उरत नाही. व्हॅरा यांनी हे ओळखले आणि १९५४ साली ऐकण्याचे मुख्य काम त्या स्वयंसेवकांकडेच सोपविले. त्यांच्याजवळ मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्यांच्याजवळ वेळ होता, आणि मध्येच उपदेश न करण्याचा संयम होता.

आपल्या देशातही असे कार्य उभे राहिले आहे. चेन्नई येथे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १९९८ साली नवी मुंबईत ‘आसरा’ ही संस्था सुरू झाली व तिचे काम याच कोपरखैरणे परिसरातून, या बोनकोडे गावाच्या शेजारूनच चालत आले आहे. आपल्यापैकी कितीतरी जण या रस्त्यांवरून रोज जात-येत असतील. येथे रात्री-अपरात्री कोणी अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाची कथा ऐकत बसलेला असतो, त्याला ‘तू कोण, कुठला, कोणत्या जातीचा’ असे विचारीत नाही, ही जाणीवच मनाला धीर देणारी आहे.

शासनानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि जिवाला तात्काळ धोका असेल तर ११२. हे तीन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटविलेल्या कागदाचा कोणालाच उपयोग होत नाही.

आता काही गैरसमजांचा विचार करू. कारण त्यांच्यामुळेच हात आखडतात.

पहिला गैरसमज असा की, ‘जो बोलतो तो करीत नाही.’ हे साफ चुकीचे आहे. जीव देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आधी कोणत्या ना कोणत्या रीतीने ते बोलून दाखविलेले असते. म्हणून असे बोलणे थट्टेवारी नेऊ नये, आणि ‘धमकी देतोस काय?’ असे म्हणून आव्हानही देऊ नये.

दुसरा गैरसमज असा की, ‘स्पष्ट विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल.’ तसे होत नाही. ‘तुला जगू नये असे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?’ असे शांतपणे विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट, कोंडलेल्या मनाला झरोका मिळतो. विचारणाऱ्याचा स्वर मात्र पंचनाम्याचा नसावा, मायेचा असावा.

तिसरा गैरसमज असा की, ‘ज्याने ठरविले त्याला कोण अडविणार?’ आयुष्य संपविण्याचा तीव्र आवेग पुष्कळदा थोडाच काळ टिकतो. तेवढा काळ माणूस एकटा राहिला नाही आणि घातक वस्तू त्याच्या हाताशी नसली, तर लाट ओसरते. शेजारच्या श्रीलंकेने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि सुमारे दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटले. अडविलेली सारी माणसे दुसरा मार्ग शोधीत गेली नाहीत, ती जगली. म्हणून पालकसभेत आपण आवर्जून सांगावे की, शेतीची औषधे घरात उघड्यावर ठेवू नयेत, ती कुलपात ठेवावीत आणि किल्ली जाणत्या माणसाजवळ असावी.

चौथा गैरसमज कायद्याविषयीचा आहे. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल,’ या भयाने घरची माणसे प्रकरण दडपतात आणि वाचलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्यासही कचरतात. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, हे खरे. त्या कलमाविरुद्ध एक मोठा आवाज आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून उठला. अपघातानंतर मनाचा तोल ढळलेल्या मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. ज्याला उपचार हवा त्याला तुरुंग देऊन काय साधणार, हा त्यामागील विचार होता. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविल्याने ते टिकून राहिले. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ ने असे सांगितले की, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्यास शिक्षा करू नये, आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य समजावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तीत जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरताच एक अपवाद तीत आहे. हे आपण पालकांना साध्या शब्दांत सांगावे. भयाने दवाखान्याची वाट टाळली जाऊ नये.

आता शाळेत काय करावयाचे ते पाहू. तत्पूर्वी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरील शाळेला मी भेट दिली होती. सातवीच्या निबंधवह्या पाहत असता एका मुलाच्या वहीत पुढील अर्थाची ओळ आढळली: मी नसलो तर घरातले एक ताट कमी होईल. त्या ओळीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. वर्गशिक्षकांनी निबंधातील बाकीच्या सर्व चुका लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या, पण त्या ओळीला हात लावला नव्हता. मी कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, ती ओळ तपासण्यासाठी नव्हती, ऐकण्यासाठी होती.” शाळा सुटल्यावर त्यांनी त्या मुलाला झाडांना पाणी घालण्याच्या निमित्ताने थांबवून घेतले होते. पहिल्या दिवशी मूल काही बोलले नाही. गुरुजींनीही काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी ते बोलले. वडिलांनी कर्जाविषयी रात्री केलेले बोलणे त्याने अंथरुणातून ऐकले होते आणि त्या बोलण्याचा हिशेब त्याने आपल्यापुरता मांडला होता. गुरुजी त्याच्या घरी गेले, वडिलांजवळ बसले, मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तेथून पुढील उपचाराची सोय केली. ते मूल पुढील वर्षी आठवीत गेले. या गुरुजींचे नाव कोणत्याही पुरस्काराच्या यादीत आले नाही. परंतु तपासणी कशाला म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या प्रसंगातून आणि जाणकारांच्या शिकवणीतून काही गोष्टी आपणांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे बदल टिपावा. बोलके मूल गप्प होणे, नियमित मूल वारंवार गैरहजर राहणे, आवडती वस्तू वाटून टाकणे, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी सर्वांना ओझे आहे’, ‘लवकरच सर्व सुटेल’ असे बोलणे, चित्रांत वा लिखाणात मरणाचा विषय पुन्हा पुन्हा येणे, अंगावर जखमांच्या खुणा असणे, या गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. निकाल, मारहाण, चारचौघांतील अपमान, लैंगिक छळ, घरातील मृत्यू, मुलीच्या लग्नाची घाई, हे प्रसंग विशेष जपण्याचे असतात.

दुसरी गोष्ट, ऐकावे. एकांत असावा, पण दार उघडे असावे. मुलाच्या बरोबरीने खाली बसावे. ‘यात काय एवढे?’, ‘आमच्या वेळी आम्ही किती सोसले!’, ‘आईबापांचा विचार कर’ ही तीन वाक्ये जिभेवर येतील, ती गिळावीत. मूल आधीच अपराधी भावनेने वाकलेले असते, त्याच्या पाठीवर आणखी भार ठेवू नये. थोडे थांबावे. मौनाचे भय बाळगू नये.

तिसरी गोष्ट, खोटे वचन देऊ नये. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे मुलाला कधीही सांगू नये. त्याऐवजी ‘ज्याला सांगितल्याने तुला मदत होईल त्यालाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवीन’ असे म्हणावे आणि ते पाळावे. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ती गोष्ट चघळली गेली, तर ते मूल पुन्हा कोणाजवळही तोंड उघडणार नाही.

चौथी गोष्ट, एकटे सोडू नये आणि एकट्याने ओझे वाहू नये. धोका जवळचा दिसत असेल तर मुलाला जबाबदार माणसाच्या स्वाधीन केल्यावाचून शाळा सोडू नये. मुख्याध्यापकांना, विश्वासू पालकाला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. घरातूनच छळ होत असेल तर १०९८ वर कळवावे. आपण उपचारक नाही. आपण दुवा आहोत. दुवा तुटू न देणे, एवढेच आपले काम, आणि ते लहान नाही.

पाचवी गोष्ट, दुर्दैवाने एखाद्या शाळेत वा गावात अशी घटना घडलीच, तर परिपाठाच्या वेळी तिचे तपशील सांगू नयेत, गेलेल्याचा गौरव करू नये आणि निंदाही करू नये. त्याचे मित्र, भावंडे यांच्याकडे पुढील कित्येक आठवडे विशेष लक्ष द्यावे.

या बाबतीत आता आपल्यावर कायद्याने आलेली जबाबदारीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा यांच्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी सर्व शिक्षणसंस्थांना लागू होणारी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा यासंबंधी प्रशिक्षण मिळावे. मदतीचे क्रमांक ठळक लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. आपल्या पुष्कळ शाळांचा पट शंभराच्या आत आहे. म्हणून आपल्यासाठी दुसरे कलम महत्त्वाचे. प्रत्येक शाळेने आपले प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक यांच्याशी आधीच ओळख करून ठेवावी. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

शेवटी एक गोष्ट आपणां शिक्षकांविषयी. ती बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. महाराष्ट्रातील शिक्षकांना ज्यांचे नाव मायेने घ्यावेसे वाटते, ते साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. मुलांचे अश्रू पुसणारा, त्यांच्या अंथरुणापांघरुणाची काळजी घेणारा तो मातृहृदयी पुरुष ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवून गेला. कोणत्याही एका कारणाने अशा घटनेचा उलगडा होत नाही, आणि तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या मृत्यूत अनुकरण करावे असे काही नाही. अनुकरण करावे ते त्यांच्या जगण्याचे आणि शिकविण्याचे. परंतु इतरांना धीर देणाऱ्याच्या स्वतःच्या मनातही अंधार दाटू शकतो, आणि त्यालाही कोणी विचारावे लागते, एवढे त्यातून आपण निश्चित शिकावे.

आपल्यापैकी कित्येक जण घरापासून दूर, एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळांत काम करीत आहेत. बदलीची टांगणी, अशैक्षणिक कामांचा बोजा, कर्जाचे हप्ते, घरातील आजारपण, ही ओझी मला अपरिचित नाहीत. ‘गुरुजी’ म्हणून गाव आपल्याकडे सल्ल्यासाठी येते, म्हणून गुरुजींनी कोणाकडे जावे हे कोणालाच सुचत नाही. तरी माझी आपणां सर्वांना विनंती आहे. आपला जोडीदार शिक्षक काही दिवस गप्प दिसला, तर त्याला केवळ माहितीच्या तक्त्याबद्दल विचारून फोन ठेवू नका. दोन वाक्ये त्याच्याबद्दलही विचारा. आणि आपल्या स्वतःच्या मनात तसा विचार आला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातो, तसेच मनाच्या दुखण्यासाठीही जावे. १४४१६ हा क्रमांक मुलांसाठी आहे, तसाच तो मुलांच्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठीही आहे.

परक्याने ओ दिली म्हणून भाईंदरचा आणि धुळ्याचा तरुण वाचला. ज्यांनी ओ दिली त्या सर्वांचे आपण ऋणी आहोत, आणि परक्याचे दार ठोठावणे ही कमीपणाची गोष्ट नाही हेही आपण मुलांना शिकवू. परंतु ते दार शोधावयास मध्यरात्रीपर्यंत जाण्याची वेळ आपल्या मुलांवर येऊ नये. घर आणि जग यांच्यामध्ये शाळा असते. शिक्षक हा मुलाच्या आयुष्यातील असा एक माणूस आहे की, जो घरचा नसल्यामुळे त्याच्यापाशी बोलता येते आणि परका नसल्यामुळे त्याच्यावर विश्वास टाकता येतो. हे स्थान दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही.

उद्या सकाळी हजेरी घ्याल, तेव्हा प्रत्येक नावानंतर क्षणभर मान वर करून त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढीच आपणांस विनंती करून मी आपली रजा घेतो.